जावयाच्या हातची घडी

मोकळेकाकांचं आडनाव मोकळे नव्हतं. ‘माणसाला मोकळं सोडा’ हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत, की छत्रीउडीच्या मैदानावरच्या लोकांनी तेच त्यांना नाव म्हणून चिकटवलं. पेशाने ते विम्याचे सर्व्हेअर. तीस वर्षं जळालेली गोदामं, बुडालेले ट्रक आणि मुळात कधी नसलेल्या पण चोरीला गेलेल्या मशिनी तपासण्यात गेली. त्यातून स्वभाव असा झाला, की आरशासमोर दाढी करतानाही समोरच्या माणसावरून नजर हटवायची नाही. दूधवाला हसला तर दुधात पाणी आणि नाही हसला तर पाण्यात दूध.

असा माणूस अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विमानातून उड्या मारायला लागला आणि बासष्टाव्या वर्षीही थांबला नाही, याचं लोकांना नवल वाटे. काका म्हणत, “त्यात नवल कसलं? जमीन ही एकच बाई अशी आहे जिने मला कधी थाप मारली नाही. येते म्हणाली की येतेच.”

उडी मात्र त्यांची बघण्यासारखी. दार सोडलं की पोट पुढे, छाती पुढे, हातपाय मागे, अशी कमान धरायची की वारा स्वतःहून माणसाला पालथा, सरळ ठेवतो. वळायचं तर खांदा चार बोटं खाली. नव्यांना ते सांगत, “वाऱ्याशी भांडू नका. भांडायला घरी माणसं आहेत.” साडेपाच हजार फुटांवर सगळ्यांनी पाठ फिरवून एकमेकांपासून लांब सरकायचं, साडेचारला हात हलवून वरच्याला इशारा द्यायचा आणि चार हजाराला मुख्य छत्री उघडायची. उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरचा काटा काकांवरून जुळवून घ्यावा इतके ते अचूक. पाचशेबावन्न उड्या, आणि मुख्य छत्रीची प्रत्येक घडी त्यांनी स्वतः घातलेली. दुसऱ्याने घातलेल्या घडीवर ते चादरसुद्धा पांघरत नसत.

पण पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात. मुख्य छत्रीने दगा दिला तर उघडायची ती राखीव, आणि तिची घडी फक्त परवानाधारक पॅकरने घालायची असा कायदा. दर सहा महिन्यांनी ती उघडायची, वारा द्यायचा, पुन्हा घडी घालायची, आणि पिशवी मिटून धरणाऱ्या पिनेला लाल दोरा बांधून त्यावर शिशाचा मणी दाबून आपलं सील मारायचं. चौदा वर्षं हे काम एका म्हाताऱ्या पॅकरने केलं. काका त्याच्या डोक्यावर उभे राहून बघत. म्हातारा निवृत्त झाला आणि परवाना उरला एकाच माणसाकडे. तो म्हणजे काकांचा जावई.

जावयात वाईट काही नव्हतं, आणि काकांच्या हिशेबी हीच वाईट गोष्ट होती. कमी बोलायचा, वेळेवर यायचा, काम झालं की हत्यारं मोजून फळीवर टांगायचा. काकांची लेक, जिला घरी चिमणी म्हणत आणि जी त्याच मैदानावरचं विमान चालवायची, तिने हा नवरा स्वतः निवडला होता. काकांनी हरकत घेतली नव्हती. माणसाला मोकळं सोडायचं म्हटल्यावर लेकीलाही सोडावं लागतं. पण सोडलेल्या दोरावर एक डोळा असायचाच.

भांडण लागलं ते डबीवरून. डबी म्हणजे मुठीएवढं यंत्र, राखीव छत्रीच्या पोटात बसवायचं. माणूस बेशुद्ध पडला, गांगरला, हँडल ओढायचं विसरला आणि साडेसातशे फुटांवरही धोंड्यासारखा पडत असला, तर डबीतलं पातं पिन ज्यात अडकते तो दोरीचा लूप आपोआप कापतं आणि छत्री बाहेर येते. ही डबी सक्तीची करावी असा कायदा येऊ घातला होता, आणि त्याच्या बाजूने ज्यांनी अर्ज केला त्यात जावयाची सही होती. काकांनी ती सही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. दोनदा, आणि एकदा भिंगातून.

“आज पाठीवर डबी,” काका पॅकिंगच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “उद्या उशाशी डबी. जास्त घोरलात की सरकारला कळणार. तुमचा पक्ष निवडून आला की शिंकायलाही अर्ज करावा लागेल, जावईबापू!”

“माझा कुठला पक्ष, मामा?” जावई सुती दोऱ्याचा गुंडा गुंडाळत म्हणाला. “मी मत कुणाला दिलं हे तुमच्या लेकीलासुद्धा सांगितलेलं नाही.”

“बघा! लपवतो!”

“गुप्त मतदान असतं, मामा.”

“ज्याला लपवायचंय त्याच्यासाठी.”

उड्यांचे मास्तर, तीस वर्षं नवशिक्यांना दारातून सोडणारे, बाकावर बसून हसत होते. “काका, डबीने माणसं वाचतात हो. आकडे आहेत.”

“आकडे मी तीस वर्षं पाहिलेत, मास्तर. जळालेल्या गोदामाचे आकडे जितके चोख, तितकं रॉकेल जास्त. आणि मला वाचवायचं की नाही हे मी ठरवणार. माझा जीव, माझी पाठ.”

जावयाने वाद वाढवला नाही. चार दिवसांनी त्याने राखीव छत्रीची घडी घालून, सील मारून पिशवी सासऱ्यांच्या हातात दिली आणि जाता जाता दोन शब्द बोलला.

“निश्चिंत राहा, मामा.”

इथेच सगळं बिनसलं. काकांच्या तीस वर्षांच्या नोकरीत ‘निश्चिंत राहा’ म्हणणारी एकूण एकोणतीस माणसं त्यांना भेटली होती. त्यातल्या अठ्ठावीसांनी गोदाम स्वतःच पेटवलेलं निघालं. एकोणतिसावा निर्दोष होता, पण त्याचं कारण त्याला काडी सापडली नव्हती.

काका घरी आले ते पिशवी छातीशी धरून. चार दिवस का लागले? म्हाताऱ्याला एक दिवस पुरायचा. मागच्या बाजूला ही नवी शिवण कसली? आणि पिशवी हाताला जड का लागते? त्यांनी ती काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. काटा आठ किलोच्या पलीकडे जाऊन थरथरत राहिला आणि काहीच सांगेना, हेही काकांना संशयास्पद वाटलं. डबी! जावयाने गुपचूप डबी बसवली होती. लेकीने डोळे पुसले असतील, ‘बाबा ऐकत नाहीत हो’ म्हणाली असेल, आणि त्याने सरकारला सासऱ्याच्या पाठीत बसवून वर टाका घातला होता.

दुपारी काकू बाहेर पडल्या. काकांनी झोपायच्या खोलीचं दार आतून लावलं.

सील मोडायचं नाही, एवढं ठरलेलं. काकांना यात एक गुरू होता. एका गोदामवाल्याने शिशाचा मणी सुईने हळूच उकलून, दोरा काढून, माल काढून, पुन्हा नवा दोरा घालून मणी पकडीने दाबला होता. ठसा जसाच्या तसा! काकांनी त्याला पकडला खरा, पण मनातून पाय धरले होते. आज त्यांनी तीच विद्या वापरली. मणी उकलला. दोरा सुटला. पिन ओढली.

राखीव छत्रीच्या तोंडाशी एक स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती आपल्या छोट्या छत्रीसकट उसळली, काकांचा चष्मा घेऊन गेली आणि कपाटावर जाऊन आदळली. मागोमाग पांढरं कापड घळाघळा बाहेर आलं. पलंग गेला, आरसा गेला, काका गेले. गुडघ्यावर रांगत त्यांनी कप्पा न् कप्पा चाचपला.

डबी नव्हती. नवी शिवण म्हणजे झिजलेल्या जागी घातलेलं ठिगळ होतं. बाकी काही नाही.

दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. काकांना वाटलं, फारच हुशार आहे हा. मग लक्षात आलं, की आता हे सगळं परत आत घालायचंय.

म्हाताऱ्याला त्यांनी अठ्ठावीस वेळा पाहिलं होतं. दोऱ्यांचे गट, कापडाच्या चुण्या, शेपटाचा गुंडाळा, सगळं डोक्यात कोरलेलं. हात मात्र डोक्याचं ऐकेनात. स्प्रिंग दाबायला ते तिच्यावर गुडघे टेकून बसले, तर तिने त्यांनाच दोनदा उशीवर फेकलं. शेवटी पिशवीच्या आतल्या पाळ्या, म्हणजे कापडी झडपा, मिटल्या. पॅकर अशा वेळी लूप धरून ठेवायला तात्पुरती टाचणी घालतात, तिला वीतभर लाल फीत बांधलेली असते म्हणजे काढायला विसरत नाही. काकांकडे टाचणी नव्हती. त्यांनी काकूंचं गाद्या शिवायचं दाभण घातलं. वरची पाळी मिटली, खरी पिन सरकवली, काकूंच्या डब्यातला लाल दोरा बांधला, मणी पकडीने दाबला. तोवर दारावर काकूंची थाप पडली. “अहो, आत काय चाललंय? आणि दाराला कडी कशाला?” काकांनी झाकण लावलं, घाम पुसला आणि दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर लख्ख ऊन होतं. जावई विमानाजवळ उभा राहून एकेकाची पिशवी तपासत होता. झाकण उचल, सील बघ, पिन बघ, पायांचे पट्टे ओढून बघ. काकांना वाटलं, हा नक्की झाकण उचलणार, आणि त्याची नजर म्हणजे वकिलाची. पण जावई त्यांच्यापाशी आला, पायांचे पट्टे ओढून पाहिले, छातीचा पट्टा पाहिला आणि पुढच्या माणसाकडे वळला. काकांनी त्याच्या पाठीकडे डोळे बारीक करून पाहिलं. का नाही उचललं?

विमान वर चढायला लागलं. पुढे चिमणी, मागे सात जण गुडघ्याला गुडघा लावून खाली बसलेले. इंजिनाच्या आवाजात ओरडून बोलावं लागे, तरी मास्तरांनी निवडणुकीचा विषय काढलाच.

“काका, यंदा कुणाला?”

“जो मला कमीत कमी वेळा भेटेल त्याला!”

सगळे हसले. काकाही हसले. पाच हजार फूट. सात हजार. नऊ हजारांवर मास्तरांनी नेहमीप्रमाणे प्रत्येकाची पाठ तपासायला घेतली. काकांचं झाकण उचललं, सील पाहिलं आणि पाठीवर थाप मारली. “जावयाच्या हातची घडी! बघायचं काय त्यात?”

ती थाप काकांच्या पाठीवर पडली आणि आत कुठेतरी दाभण टोचलं.

दाभण. ते काढलं होतं का?

साक्षीदाराला विचारावं तसं काकांनी स्वतःला विचारलं. आतल्या पाळ्या मिटल्या तेव्हा दाभण कुठे होतं? लूपमध्ये. वरची पाळी मिटताना? लूपमध्ये. पिन सरकवल्यावर? थाप पडली. काकू बोलल्या. झाकण लावलं. दाभण? साक्षीदार गप्प. समोरचा साक्षीदार इतका घाम पुसत असता, तर काकांनी त्याला तिथेच आरोपी केला असता.

दाभण आत असेल तर हँडल ओढून काही उपयोग नव्हता. राखीव छत्री कुलूप घातल्यासारखी बसून राहणार. अर्थात मुख्य छत्री त्यांच्या स्वतःच्या हातची होती, पाचशेबावन्न वेळा उघडलेली. मारून टाकावी उडी. कुणाला कळणार?

आणि मग त्यांच्यातला सर्व्हेअर कामाला लागला. पाचशेत्रेपन्नाव्या वेळी ती नाही उघडली तर? पंचनामा कसा होईल? काकांनी डोळे मिटून तो लिहिलाच. राखीव छत्री उघडली नाही. आत परकी वस्तू, एक दाभण. सील कुणाचं? जावयाचं, शाबूत. सासरा-जावई वाद? सबंध पॅकिंगच्या खोलीने ऐकलेला. सकाळी सासऱ्याच्या पिशवीचं झाकण उचललं का? नाही, बाकी सगळ्यांची उचलली. वा! इतका पक्का पुरावा त्यांना तीस वर्षांत मिळाला नव्हता. त्यांनी स्वतः जावयाला सात वर्षं आत टाकला असता, आणि लेकीला दारात उभी करून वर विचारलं असतं, की तुम्हाला कधीच काही जाणवलं नाही का?

तेरा हजार फूट. दार उघडलं. वारा आत घुसला. हिरवा दिवा लागला.

“काका, चला!” मास्तर ओरडले.

“मी बसतो.”

“काय?”

“बसतो म्हणालो! विमानानेच उतरतो!”

मास्तरांचा जबडा वाऱ्यात तसाच उघडा राहिला. मैदानावर यासारखी नामुष्की नव्हती. धडधाकट माणूस वर जाऊन विमानातून परत आला, की वर्षभर त्याला तिकीट विचारत. “दुखतंय का कुठे?”

काकांच्या जिभेवर तीन उत्तम सबबी आल्या. छाती, कान, पाय. तिन्ही त्यांनी दुसऱ्यांच्या जबान्यांत शंभरदा ऐकल्या होत्या. एकीवरही त्यांचा विश्वास बसला नाही.

“राखीव घडी मी घातलीय,” ते म्हणाले. “जावयाने नाही.”

मास्तरांनी दारापासून त्यांना आत ढकललं आणि बाकीच्यांना हात केला. एकेक जण दारातून गेला. शेवटी मास्तरही गेले. दार बंद झालं, आणि रिकाम्या विमानात काका सरकत सरकत लेकीच्या खुर्चीमागे जाऊन बसले.

“बाबा? तुम्ही अजून आत?”

“सावकाश उतर.”

त्यांनी सगळं सांगितलं. मणी, स्प्रिंग, चष्मा, दाभण. चिमणी समोर बघत राहिली. विमान एक मोठं वळण घेऊन खाली आलं, चाकं टेकली, इंजिन बंद झालं, तेव्हा ती बोलली.

“मी त्यांना काही सांगणार नाही, बाबा. तुम्हीच सांगायचं. आणि उभ्याने सांगा, बसून नको.”

जावई पॅकिंगच्या लांब टेबलाशी होता. काकांनी पिशवी त्याच्यापुढे ठेवली आणि उभ्याने सांगितलं. त्याने झाकण उचललं आणि सीलचा दोरा नखावर घेतला.

“हा दोरा शिवणाचा आहे. माझा कच्चा असतो, हँडल ओढलं की तुटतो. हा तुटायला दुप्पट जोर लागला असता.” तो थांबला. “सकाळी मी झाकण उचललं नाही. माझंच काम आहे म्हणून.”

“माझ्या मनात आलंच होतं विचारायचं.”

“डबी शोधत होता?”

“हो.”

“मिळाली?”

“नाही.”

“मिळणार कशी, मामा? तुम्ही नको म्हणाला होता.”

“पण अर्जावर तुझी सही आहे!”

“अर्ज कायद्यासाठी होता, आणि कायदा आला की तुम्ही त्याच्याशी भांडा, मी बघायला येईन. पण तोवर मत माझं आणि पाठ तुमची. चोरून कुणाच्या पाठीत काही घालायला मी काय पाकीटमार आहे?”

बोलता बोलता जावयाने हँडल ओढलं. फट्! स्प्रिंग छताला लागून खाली आली, मागोमाग कापड. त्याने पाळी उलटली, लूप पाहिला, दोऱ्या एकेक करून बोटातून काढल्या. दाभण कुठेच नव्हतं.

“म्हणजे उघडली असती!” काका ओरडले. “बघ, उघडली असती! मी उगाच बसून आलो!”

“उघडली असती,” जावई म्हणाला. “बहुतेक सरळ.”

काकांनी खात्री करायला घरी फोन लावला. काकूंनी हॅलोही म्हटलं नाही. “गादीत दाभण कुणी खोवलं होतं? बसले तशी उठले मी! कोण आलं होतं घरात?”

पण जावई कागद घेऊन बसला होता. सीलशी छेडछाड झाली की परवाने देणाऱ्या समितीला कळवावं लागतं. काकांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या खांद्यावरून वाचायला लागले.

“‘छेडछाड झाल्याचे दिसते’ काय? काढ ते. ‘दिसते’ने माणूस सुटतो. लिही, मी केली. तारीख घाल. दुपारची वेळ घाल. झोपायची खोली.”

जावई लिहीत गेला. काका मुद्दे सांगत गेले, आणि असा चोख कबुलीजबाब त्या खोलीत कधी लिहिला गेला नव्हता. मग शेवटची ओळ आली. ‘पॅकरने सकाळच्या तपासणीत या पिशवीचे झाकण उचलले नाही.’

“ही कशाला?” काकांचा आवाज उतरला. “ही वाचून ते तुझा परवाना धरतील.”

“धरतील कदाचित.”

“मग काढ. कुणी विचारलंय?”

“खरं आहे ते, मामा.”

“अरे, सगळं खरं लिहायचं नसतं!” काका म्हणाले, आणि आपल्याच तोंडून हे ऐकून त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी दुसरा तर बोलला नाही ना. मग त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, पेन घेतलं आणि त्या ओळीखाली आपल्या तिरक्या सर्व्हेअरी अक्षरात भर घातली. ‘शेरा: सील इतके बेमालूम होते की झाकण उचलले असते तरी कोणालाही कळले नसते. मास्तरांनी उचलले होते. त्यांनाही कळले नाही.’

जावयाने वाचलं. “मला कळलं असतं.”

“नसतं.”

“दोरा जाड आहे.”

“आता कळला! मी सांगितल्यावर!”

“‘बेमालूम’ काढा, मामा.”

“मेलो तरी काढणार नाही. तीस वर्षं दुसऱ्यांची कामं तपासली, हे एक माझं आहे.”

दारात चिमणी येऊन उभी होती, हातात विमानाच्या चाकाखालची ठोकळी घेऊन. तिने दोघांकडे पाहिलं आणि परत गेली.

जावयाने शेरा तसाच ठेवला आणि सही केली. काकांनी कागद वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला, उजेडात धरून मागूनही पाहिला आणि सही केली. मग म्हणाले, “मला एक प्रत हवी.”

“कशाला?”

“मी गेल्यावर तू माझा शेरा खोडलास तर?”

जावयाने कोपऱ्यातल्या मशिनीवर प्रत काढली. ती त्यांच्यापुढे धरली, पण सोडली नाही.

“हिच्यावरही सही करा.”

“प्रतीवर?”

“तुम्ही घरी जाऊन माझी शेवटची ओळ खोडलीत तर?”

काकांनी मान वर केली आणि चष्म्यावरून जावयाकडे निरखून पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण इतकं जवळून त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं.

“पेन दे,” ते म्हणाले.